ट्रूडीचा आहार-तक्ता

विस्कॉन्सिनमधल्या हॅल्वरसनांच्या गोठ्यात वाढलेल्या मार्नाला खाण्यापिण्याचं शास्त्र कोणी शिकवायची गरज नव्हती, असं तिचं स्वतःचं ठाम मत. जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजला अर्ज करण्याआधी पोषणाचा एक विषय पूर्ण करायचा होता. यादीत ‘प्राण्यांचं पोषण’ लिहिलं होतं. पण तो वर्ग नेमका दूध काढण्याच्या वेळेला. मार्नानं घरबसल्या होणारा ‘मानवी पोषण’ निवडला.

“सल्लागार बाईंना एकदा विचार की,” तिचे वडील ओर्लिन म्हणाले.

“बाबा, त्यात काय विचारायचं? माणूस प्राणीच आहे.”

ओर्लिननी समोर पाय पसरून बसलेल्या जावयाकडे पाहिलं आणि वाद सोडून दिला.

सोमवारी कॉलेजचं पत्र आलं. माणूस चालणार नाही. जनावराच्या आहारावर काम केलं असेल तर शिक्षकांच्या सहीनं शुक्रवारपर्यंत पाठवा, नाहीतर पुढच्या वर्षी या. मार्नाचं धाबं दणाणलं. आणखी एक वर्ष थांबायचं म्हणजे दूध काढता काढता म्हातारं व्हायचं. आणि तिनं काम केलं होतं ते स्वतःच्याच खाण्यावर. तीन दिवस काय खाल्लं, ते लिहून कालच पाठवलं होतं.

मंगळवारी ‘मानवी पोषण’च्या शिक्षिकेचा, मिसेस पेटिग्रूंचा, फोन आला. आवाज फार हळुवार होता.

“मार्ना, तुमच्याकडे ट्रूडी कोण गं?”

“आमची लाडकी. आजीचं नाव ठेवलंय.”

“वजन चौदाशे पौंड लिहिलंय.”

“बाळंतपणानंतर जरा उतरलीय बिचारी.”

“डॉक्टर बघतात ना तिला?”

“दर महिन्याला येतात. खांद्यापर्यंत हात घालून तपासतात.”



“ती झोपते कुठे?”

“गोठ्यात. पंखा आहे तिला.”

“बाळ, घरात कोणी दडपण आणतंय का तुझ्यावर? मी पोलिसांना कळवू?”

तेव्हा कुठे मार्नाच्या डोक्यात उजेड पडला. गोठ्यातल्या एकाच फळीवर दोन कागद अडकवलेले असायचे. एक तिच्या खाण्याचा, दुसरा ट्रूडीच्या खाण्याचा. दर रविवारी ट्रूडीच्या कागदाचा फोटो गाईंच्या आहाराचे सल्लागार व्हर्न यांना जायचा. ओल्या हातांनी तिनं दोन्ही फोटो उलटसुलट पाठवले होते.

“बाई, गाय आहे हो ती!”

मिसेस पेटिग्रू हसू लागल्या त्या थांबेचनात. “अगं, मी काल अख्खी दुपार त्या कागदावर बसले होते. मुरघास, लसूणघास, पेंड. मला वाटलं, एखादा नवीन पंथ असेल. पण वर्गात एवढा समतोल आहार कोणाचाच नाही. आकडेमोड कोणी केली?”

“मीच. तुम्ही शिकवलीत तश्शी.”

एवढं बोलून मार्ना सावध झाली. “बाई, हेच सही करून कॉलेजला पाठवाल?”

बाईंनी नुसती सही केली नाही, दोन पानी पत्र लिहिलं. गुरुवारी दुपारी उत्तर आलं: विषय मान्य. मार्ना गोठ्यात जाऊन ट्रूडीच्या गळ्यातच पडली आणि रडली. ट्रूडी चघळत राहिली.

शुक्रवारी सगळं घर गावातल्या खाणावळीत तळलेला मासा खायला गेलं. मार्ना येणाऱ्याजाणाऱ्याला विजयकथा ऐकवत होती. “निवड कशी अचूक केली बघा,” असंही आता त्यात आलं होतं. तेवढ्यात व्हर्न टेबलापाशी आले आणि एक कागद ओर्लिनपुढे ठेवून म्हणाले, “ही कुठली गाय, ते लिहायचं राहिलंय.”

तीन दिवस. कॉफी, डोनट, कॉफी, अर्धा पिझ्झा, कॉफी. खाली व्हर्नचा लाल शेरा: ‘चारा अजिबात नाही. असं जनावर दुधाला ठेवण्यात अर्थ नाही. विकून टाका.’

ओर्लिननी तो कागद दोनदा वाचला, नीट घडी करून खिशात ठेवला.

“राहू दे व्हर्न,” ते म्हणाले. “कॉलेजनं कालच उचललीय.”

मार्नानं गुपचूप कोबीची कोशिंबीर पुढे ओढली.