वॉर्डातला सर्वात स्वच्छ हात

जंतूंचा स्वभाव मुळात गरीब असतो. ते आपणहून कुणाकडे जात नाहीत. कुणी हातावर घेऊन गेलं तर जातात, नाहीतर जिथे आहेत तिथेच बसून राहतात. म्हणून शहाणं रुग्णालय जंतूंवर नव्हे, हातांवर लक्ष ठेवतं. शस्त्रक्रियेच्या वॉर्डाने हे लक्ष इतक्या निष्ठेने ठेवलं की त्याची कुठेतरी नोंद व्हायला हवी. माझी आई तिथे सतरा दिवस होती, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं.

वॉर्डाच्या दारात एक बायोसेन्सर बसवला होता. वहीएवढी पांढरी पेटी, वर तळहात टेकवायला पट्टी, बाजूला दिवा. पट्टीवरच्या लेपाला नेमके घातक जंतूच चिकटतात, ते चिकटले की आतल्या विजेच्या प्रवाहात बारीकसा फरक पडतो आणि दिवा लाल होतो. जंतू नसले तर हिरवा, शिवाय तशी छापील चिठ्ठी. (यंत्र खरोखर उत्तम होतं. या हकिगतीत आपलं काम चोख करणारं, सफाईच्या मावशींखेरीज, तेवढंच.) कुणाचाही हात बघून नाक मुरडतं म्हणून सिस्टर त्याला ‘सासूबाई’ म्हणायच्या.

सासूबाई निकालाला अकरा मिनिटं घेत, तोवर हात पट्टीवरच ठेवायचा. परिपत्रक म्हणत होतं, ‘हिरवा निकाल असल्याशिवाय कोणीही आत जाऊ नये.’ मोठे डॉक्टर दिवसातून चाळीस वेळा आत-बाहेर करायचे. चाळीस गुणिले अकरा म्हणजे सात तास वीस मिनिटं. म्हणजे डॉक्टर दिवसभर दारात उभे, आणि रुग्ण आत उपचारांवाचून सुरक्षित. पहिला आठवडा साधारण असाच गेला. त्यातही शंभरातले बासष्ट हात लाल निघाले. प्रत्येक लाल हातामागे चार प्रतींत अहवाल, आणि खाली ज्याचा हात त्याचीच सही. यंत्र बिघडलं आहे, यावर सर्वांचं एकमत झालं.

मग शोध लागला. वॉर्ड पुसणाऱ्या मावशी एकदा पेटी पुसताना पट्टीवर हात टेकून अकरा मिनिटं विसावल्या. हिरवा. पुन्हा टेकवला, हिरवा. सव्वीस वर्षं फिनेलच्या बादलीत बुडून त्यांच्या तळहातावरच्या रेषासुद्धा गेल्या होत्या, तिथे जंतूंची काय कथा! परिपत्रकात कुणाचा हात हे लिहिलेलं नव्हतं, हे सिस्टरांच्या त्याच वेळी लक्षात आलं.

दुसऱ्या दिवसापासून मावशी दारात स्टुलावर बसून हिरव्या चिठ्ठ्या आगाऊ तयार करू लागल्या. आठ तासांत त्रेचाळीस. त्या पुरेनात, तेव्हा डाव्या हातासाठी दुसऱ्या सासूबाई आणल्या.

“मावशी, तीन चिठ्ठ्या. शिकाऊ डॉक्टर आहेत बरोबर.”

“घ्या. पण कालच्या दोन उरल्यात, त्या आधी संपवा.”

दोन्ही हात असे गुंतल्याने फरशी, खाटांचे कठडे, सलाइनचे खांब पुसणं अशी किरकोळ कामं मागे पडली.

“सिस्टर, नऊ नंबरची खाट चार दिवस पुसली नाही हो,” मावशी म्हणाल्या.

“हलू नका मावशी. निकाल बिघडेल.”

महिन्याभरात हातांची स्वच्छता अडतीसवरून शंभर टक्क्यांवर गेली. जखमा चिघळल्याच्या घटना तीनवरून चौदावर गेल्या. सगळे हात स्वच्छ असल्याचं कागदोपत्री सिद्ध असल्याने, जंतू रुग्णांनी घरून आणले असावेत असा निष्कर्ष निघाला.

नऊ नंबरवर माझी आई होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. ती शाळेत चौतीस वर्षं दर सोमवारी मुलींची नखं तपासायची. तिचा निकाल दोन सेकंदांत लागायचा आणि तो लाकडी पट्टीने कळवला जायचा.

“त्या बाईला दारात का बसवलंय गं?”

“हात तपासतात.”

“तिचाच?”

“हो.”

“आणि बाकीच्यांचे?”

“तिच्यात आले.”

“छान. एकीची नखं बघायची आणि अख्ख्या वर्गाला शाबासकी.”

“आई, हळू बोल. ऐकतील.”

“ऐकू देत. वर्गातसुद्धा मागच्या बाकापर्यंत जायचा माझा आवाज.”

अकराव्या दिवशी मी कामावरून बस पकडून थेट आले. भेटीची वेळ अर्धा तास, त्यातली बारा मिनिटं संपलेली. हात धुवायचा नळ बोळाच्या त्या टोकाला. मावशींनी चिठ्ठी पुढे केली, मी घेतली. आत आईच्या जखमेवरची पट्टी सुटली होती. मी वाकले.

“हात धुतलेस?”

“हो गं.”

“बघू.”

मी चिठ्ठी दाखवली. आईने चष्मा लावून ती दोन्ही बाजूंनी वाचली. मग माझ्याकडे पाहिलं.

“घाईत आलीस ना,” ती म्हणाली, आणि चिठ्ठी घडी करून उशीखाली ठेवली. “बसव पट्टी. खुपतेय.”

मी बसवली.

तेराव्या दिवशी तिला ताप चढला. सतराव्या दिवशी नऊ नंबरची खाट रिकामी झाली, आणि त्याच दिवशी ती पुसली गेली.

आईच्या सामानाच्या पिशवीत चष्मा, कंगवा आणि ती चिठ्ठी होती. तिच्या खाटेपाशी त्या सतरा दिवसांत एकशे नव्वद चिठ्ठ्या जमा झाल्या. सगळ्या हिरव्या, सगळ्या मावशींच्याच हातांच्या. त्यामुळे जंतू नेमका कुणाच्या हातून गेला हे कधीच कळणार नाही. ही सोय किती जणांना लाभली, याची मोजदाद मी केलेली नाही. माझ्यासकट म्हणू.

वॉर्डाला उत्कृष्टतेची ढाल मिळाली. ती मोठ्या डॉक्टरांनी स्वीकारली. (मावशींचे हात मोकळे नव्हते.)

हे वाचून संताप आला असेल तर तो रास्त आहे. तक्रारीचा अर्ज तळमजल्यावर, खिडकी क्रमांक दोनवर मिळतो. तिथेही एक सासूबाई आहेत, आणि तिथे मावशी नाहीत. तक्रारदाराने स्वतःचा हात टेकवायचा, अकरा मिनिटं थांबायचं, आणि जो निघेल तो निकाल अर्जाला जोडायचा. आजवर एकही तक्रार दाखल झालेली नाही.

मी पाचव्या मिनिटाला हात उचलला. हे वाचायला तुम्हालाही साधारण तेवढीच मिनिटं लागली असतील. अजून सहा आहेत. थांबताय?