फुलं गळली की सांगते

सोमवारी सकाळी साडेसात वाजता ऑर्किडच्या काडीवर नऊ फुलं होती. मंगळवारी सकाळी साडेसात वाजता दहा होती.

सुहासिनीबाईंनी चष्मा पुसून पुन्हा मोजलं. दहाच. काडीवर एकही कळी शिल्लक नव्हती, त्यामुळे रातोरात उमलण्याचा प्रश्न नव्हता. शिवाय नऊ फुलं शहाण्या मुलांसारखी खिडकीकडे तोंड करून होती आणि दहावं स्वयंपाकघराकडे बघत होतं. चहा कधी होतोय, अशा बेताने.

एकतीस वर्षं डोंबिवलीतल्या शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईंना चमत्कार मान्य नव्हते. त्यांनी फुलाच्या देठाशी नाक नेलं. डिंकाचा वास आला. घरात डिंकाची एकच बाटली होती आणि तिचे मालक, म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेले बाळराव, गॅलरीत पेपर वाचत होते. पेपर उलटा होता.

बाईंनी निरीक्षणवही उघडली, तारीख घातली आणि पुढे लिहिलं: फुलं दहा.

आता बाईंसारख्या बाईने असा आकडा का लिहावा, हे कळायला दीड महिना मागे जावं लागेल.

पासष्टाव्या वाढदिवसाला मुलगा साकेत आणि सून रसिका ठाण्याहून हे झाड घेऊन आले. सेलोफेनमध्ये गुंडाळलेलं, बारा जांभळ्या फुलांचं, नव्या नवरीसारखं मान वाकवून बसलेलं. केक कापून झाल्यावर साकेतने नेहमीचा विषय काढला.

"आई, आता तरी सांग. घोडबंदरला तुमची खोली दोन वर्षं रिकामी आहे. लिफ्ट आहे, खाली बाग आहे. इथे तीन जिने चढता रोज!"

"बाबा काय म्हणतात?" बाईंनी विचारलं.

"तू म्हणशील तसं," बाळराव म्हणाले. अडतीस वर्षांच्या संसारात पडद्यांच्या रंगापासून मुलाच्या नावापर्यंत प्रत्येक प्रश्नावर त्यांनी हेच उत्तर दिलं होतं.

बाईंनी झाडाकडे बघत हिशेब केला. मोगरा संध्याकाळपर्यंत, गुलाब तीन दिवस, दसऱ्याचा झेंडू फार तर आठवडाभर.

"ही फुलं गळली की सांगते," त्या म्हणाल्या.

पाहुणे गेल्यावर त्यांनी कुंडीवरची चिठ्ठी वाचली. फुलं अडीच ते तीन महिने टिकतात, असं तिच्यावर छापलेलं होतं. कृती आधी आणि सूचना नंतर, असं त्यांच्या हातून आयुष्यात पहिल्यांदाच झालं. पण त्यांना वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर बाजारात भाजीवाल्यापासून बँकेतल्या मॅनेजरपर्यंत सगळे "नमस्कार बाई" म्हणतात ते गाव सोडून बाविसाव्या मजल्यावर जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. पण बाळराव रोज दुसऱ्या मजल्यावर थांबून, गुडघा धरून "लिफ्ट असती तर!" म्हणायचे. त्यांना जायचंय आणि ते माझ्यासाठी बोलत नाहीत, अशी बाईंची खात्री होती. नवऱ्याच्या गुडघ्यावर पाय ठेवून इथे राहायचं, हे त्यांना पटणारं नव्हतं. तेव्हा झाड टिकेल तितके दिवस आपले.

"झाडाला माया लागत नाही, शिस्त लागते," त्यांनी बाळरावांना सांगितलं. "हे झाड तीन महिने टिकवलं नाही तर मला बाई म्हणू नका."

"मी कुठे म्हणतो?" बाळराव म्हणाले.

फ्रिजवर नियम लागले. पूर्वेच्या खिडकीत, पातळ पडद्याआड ठेवायचं. पाणी आठवड्यातून एकदाच. कुंडी बादलीत दहा मिनिटं बुडवायची आणि पूर्ण निथळू द्यायची. पानांच्या बेचक्यात थेंबही साचता कामा नये. मुळं चंदेरी दिसली तर झाड तहानलेलं, हिरवी दिसली तर तृप्त. कुंडीत माती नसते, झाडाच्या सालीच्या ढलप्या असतात. ते बरोबर आहे, कोणी घाबरू नये.

शिवाय बाई रोज सकाळी कुंडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन वहीत लिहायच्या. पाणी उडत जाईल तसं वजन उतरायला हवं. ते चढत होतं. वस्तुमान शून्यातून निर्माण होत नाही, हे बाईंनी एकतीस वर्षं मुलांकडून घोकून घेतलं होतं. त्यांना काट्याचा संशय आला. त्यांनी काट्याचे सेल बदलले. वजन आणखी चढलं. शेवटी काटा निकामी ठरवून त्यांनी तो माळ्यावर टाकला.

दोष काट्यात नव्हता, तांब्यात होता. बाळराव रोज अंघोळीनंतर गॅलरीतल्या तुळशीला तांब्याभर पाणी घालायचे. तुळशीची कुंडी लहान, तांब्या सासऱ्यांनी दिलेला, मोठा. उरलेलं पाणी टाकायचं कुठे? ते येता येता ऑर्किडच्या डोक्यावर घालायचे आणि हात जोडायचे. हात जोडण्याला कारण होतं. बाळरावांना डोंबिवली सोडायची नव्हती! पोस्टातले चार जुने मित्र, वाचनालयातली पंख्याखालची खुर्ची आणि हक्काचा न्हावी, एवढं सोडून ठाण्याला जाऊन करायचं काय? पण बायको रोज उठून फुलं मोजते, वजन करते, वहीत लिहिते. म्हणजे तिला नातीकडे जायची घाई झालीय, याबद्दल त्यांना शंका नव्हती. तुळस पाण्यावर जगते, मग हेही जगेल. जग बाबा!

तिसरा हात शेवंतीचा. कोपरहून कामाला येणाऱ्या शेवंतीला पहिल्या दिवसापासून झाडाची दया येत होती.

"काकू, या झाराला माती कुठंय? नुसत्या लाकरावर ठेवलाय. उपाशी मरंल ना!"

"त्याला माती लागत नाही, शेवंती."

"माती कोनाला लागत नाय?" शेवंती म्हणाली. रोज तांदूळ धुतलेलं पाणी ती गुपचूप त्याला पाजू लागली. मग एके दिवशी बाळराव आणि बाई साखरपुड्याला कल्याणला गेले असताना तिने ढलप्या काढल्या, खालच्या जास्वंदीच्या आळ्यातली माती भरली, दोन मुठी शेणखत घातलं आणि काकूंचं मन दुखू नये म्हणून वर चार ढलप्या पुन्हा मांडून ठेवल्या.

आठवड्याभरात फुलं गळायला लागली.

दर रविवारी साकेतचा फोन यायचा. "आई, किती राहिली?"

"अकरा," बाई म्हणाल्या. नऊ होती.

"फोटो पाठव ना."

अकरा फुलं होती तेव्हा काढलेल्या फोटोंपैकी एक बाईंनी पाठवला. जी बाई मुलांना "दिसलं तेच लिहा" म्हणून पट्टी मारायची, तिने नमुना बदलला होता!

आणि त्यानंतरच्या मंगळवारी ते दहावं फूल उगवलं. बाळरावांच्या हातून फूल तुटलं असेल आणि आपल्या धाकाने त्यांनी चिकटवलं असेल, असा बाईंनी अर्थ लावला. त्यांच्या सोयीचा होता, म्हणून त्यांनी तो तपासला नाही. इकडे बाळरावांनी हळूच वही उघडून पाहिली. दहा! म्हणजे कळलं नाही. पस्तीस वर्षं पाकिटं चिकटवल्याचं सार्थक झालं. बुधवारी अकरा झाली. गुरुवारी, आदल्या दिवसाचं एक गळूनही, अकराच राहिली.

शुक्रवारी मुंग्या आल्या. डिंक गोड असावा. कुंडीच्या काठावरून काडीवर, काडीवरून फुलापर्यंत अशी शिस्तीत रांग लागली की आधार कार्डाच्या केंद्रावरही तशी लागत नाही. बाईंनी हळदीची रेघ ओढली. बाळरावांनी खडूची ओढली. शेवंतीने तिसरी कसलीशी पूड टाकली, ती बहुधा साखर असावी, कारण शनिवारी मुंग्या दुप्पट झाल्या.

डिंकाचा नाद सोडून बाळराव फडके रोडवर गेले आणि प्लास्टिकच्या फुलांची फांदी घेऊन आले. जांभळा रंग बराचसा जुळत होता. वांगं आणि कृष्णकमळ जुळतात तितका. पुढच्या तीन आठवड्यांत खरी फुलं एकेक करून गेली आणि खोटी एकेक करून आली. बाईंना पाकळ्यांच्या कडेला साच्याची शिवण दिसत होती. त्या रोज लिहीत होत्या: अकरा. पानं पिवळी पडून गळून गेली तेव्हा बाळरावांनी रबराची पानं आणली. बाईंनी ती ओल्या फडक्याने पुसली.

आणि मग एका रविवारी साकेत, रसिका आणि त्यांची सहा वर्षांची नयन न कळवता दारात उभी राहिली. रसिकाच्या हातात सेलोफेनमध्ये गुंडाळलेलं काहीतरी उंच होतं.

"शीळफाट्याला दीड तास अडकलो!" साकेत म्हणाला. "पाणी दे, आई."

"फोन तरी करायचास," बाई म्हणाल्या आणि झाडासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याच वेळी बाळरावही तिथे येऊन उभे राहिले. दोघं चोरीच्या मालावर पहारा देणाऱ्यांसारखे दिसत होते. नयन दोघांच्या मधून आत शिरली.

"आजी, हे फूल खोटं आहे."

"कुठलं गं?"

"हे. आणि हे. आणि हे पण!" तिने तिसरं ओढलं.

फुलाबरोबर काडी आली, काडीबरोबर झाड आलं. मुळा उपटावा तसं अलगद आलं. फरक एवढाच की मुळ्याला खाली काहीतरी असतं. याला काहीच नव्हतं. मुळांच्या जागी चहाच्या चोथ्यासारखा काळा लगदा होता आणि त्यातून दोन मुंग्या घाईघाईने बाहेर पडल्या.

"आई," साकेत म्हणाला, "हे झाड मेलंय."

"मला वाटलंच होतं," रसिका हळूच म्हणाली. "तुम्ही चार रविवारी चार फोटो पाठवलेत, आई. मागच्या घड्याळात चारही वेळा अकरा वाजून वीस मिनिटं झालीत."

"माती मी घातलेली!" स्वयंपाकघरातून भांडं आपटत शेवंती ओरडली. "पन पानी मी नाय घातला. नुसता तांदलाचा धुवन घातला!"

"मी फक्त तुळशीचं उरलेलं," बाळराव म्हणाले.

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "रोज?"

"अंघोळ रोजच करतो."

"आणि फुलं का चिकटवलीत?"

बाळरावांनी घसा साफ केला. "गळली असती तर तुला सांगावं लागलं असतं."

"मग?"

"मग काही नाही. तू जुने फोटो का पाठवलेस?"

"फुलं गळली असती तर मला सांगावं लागलं असतं," बाई म्हणाल्या.

अडतीस वर्षांत दोघांचं इतक्या कमी शब्दांत इतकं बोलणं झालं नव्हतं.

"म्हणजे काय?" साकेतने विचारलं. "मला कोणी नीट सांगेल का? यायचंय की नाही? बाबा?"

"आई म्हणेल तसं."

"आई म्हणणार नाही," सुहासिनीबाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. "आईचं सगळं म्हणून झालंय. यावेळी तुम्ही म्हणा."

बाळराव समोरच्या खुर्चीत टेकले. त्यांनी छताकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, शेवंतीकडेही पाहिलं. पाच मिनिटं गेली. नयनने उरलेली खोटी फुलं काढून केसांत खोवली.

शेवटी साकेतलाच दया आली. "जाऊ दे बाबा, घाई नाही. रसिका, ते दे."

रसिकाने सेलोफेन सोडला. आत नवं ऑर्किड होतं. पांढरं शुभ्र, दोन काड्यांचं, अठरा फुलांचं, वर आणखी सहा कळ्या.

"हे ठेवा," साकेत म्हणाला. "याची फुलं गळली की सांगा."

बाळरावांनी अठरा फुलं मोजली. सहा कळ्या मोजल्या. त्यांच्या डोळ्यांपुढून तांब्या गेला, डिंक गेला, मुंग्या गेल्या, फडके रोडच्या चकरा गेल्या. ते ताडकन उठले. गुडघ्याचं त्यांना भानही राहिलं नाही.

"आम्ही इथेच राहणार!" ते म्हणाले. "झाड तेवढं परत ने."