दहा किलोचा पाय

बाबांना सिद्धेश्वराच्या जत्रेत चालत नेणार, असं मी अख्ख्या दहावी ‘ब’ला सांगून ठेवलं होतं. बाबा म्हणजे शरणप्पा किराणावाले, आमच्या रेणापूरचे. दुकानाच्या पायरीवरून पडले, घोटा मोडला, लातूरला ऑपरेशन होऊन आत पट्टी आणि सहा स्क्रू बसले. सहा आठवडे पाय टेकवायचाच नव्हता. सातव्यात डॉक्टरबाई म्हणाल्या, “आता वॉकर धरून या पायावर दहाच किलो भार द्या. वजनकाट्यावर बघून. जास्त दिला आणि पट्टी हलली, तर पुन्हा ऑपरेशन.”

“काटा?” मी म्हणाले. “मॅडम, आमच्या घरात काट्याशिवाय दुसरं आहे काय?”

काट्यावरचा आकडा बघायचं काम आईला द्यायचं नाही, हे मीच ठरवलं. ती तूरडाळ तोलताना जास्तीचे चार दाणे परत पोत्यात टाकते. गिऱ्हाईक तिला लांबून बघूनच समोरच्या दुकानात जातं. आजारी माणसाला माया लागते!

रोज संध्याकाळी बाबा पोती तोलायच्या काट्यावर पाय दाबायचे.

“झालं का गं शिवानी?”

“झालं बाबा.” मी वहीत लिहायचे: दहा.

पंधरा दिवसांनी आम्ही तिघं लातूरला गेलो. वही बघून डॉक्टरबाई खूश. “करून दाखवा बघू.”

बाबांनी त्यांच्या काट्यावर पाय दाबला.

“बघा,” मी म्हणाले, “बरोबर दहा.”

डॉक्टरबाई वाकल्या. “हे बारा आहेत.”

“हाव, दहाच की,” बाबा म्हणाले. “वरचे दोन झुकतं माप.”

मीही मान डोलावली. जन्मापासून आमच्या दुकानात दहा असेच दिसतात.

“अहो, असं कशाला?”

“दहाला दहा दिलं तर गिऱ्हाईक परत येत न्हाई, बाई.”

“इथं परत यायचंच नसतं!”

एक्स-रे येईपर्यंत मी वहीतले दहा पुन्हा पुन्हा वाचत बसले. रोज बारा किलो, आणि लिहिणारी मी. बाबांनी माझा हात धरला. “लई विचार करू नको. तुझं अक्षर चांगलं हाय.”

पट्टी जागेवर होती. हाड जुळत होतं.

“नशीब तुमचं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आता वीस. पण वीस म्हणजे वीस. आकडा कोण बघणार?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. डॉक्टरबाईंनी आईकडे.

जत्रेला अजून महिना आहे. काट्यापाशी आई बसते. विसाच्या वर शंभर ग्रॅम दिसले की “उचला” म्हणते. माझी बदली चहावर झालीय. साखर जरा जास्त पडते म्हणे.