वायरमनला चढावर मदत करण्याविषयी

दुसऱ्याला दमलेलं पाहणं सुसंस्कृत माणसाला सहन होत नाही. (घरातली माणसं या नियमाला अपवाद आहेत. त्यांचं दमणं वर्षानुवर्षं सहन होतं.) आमच्या वसाहतीत एकूण अठ्ठेचाळीस घरं असून ती सर्व सुसंस्कृत आहेत, हे मी वसाहतीचा चिटणीस या नात्यानं जबाबदारीनं नमूद करतो. या सुसंस्कृतपणाची मध्यंतरी जी कसोटी लागली, तिची हकिकत चार लोकांपर्यंत पोचावी असं कार्यकारिणीला वाटलं आणि लिहिण्याचं काम नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात पडलं.

आमच्या तळमजल्यावर वायरमन राहतो. सात वर्षांपूर्वी तो विजेच्या खांबावरून पडला, पाठीचा कणा मोडला आणि कंबरेखालचं अंग कायमचं गेलं. तेव्हापासून तो चाकाच्या खुर्चीत आहे. हात शाबूत आहेत, आणि जीभही. घरीच टेबलाशी बसून तो पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करतो. वसाहतीतल्या एकेचाळीस घरांतले पंखे त्याच्या हातून गेलेले आहेत. (उरलेल्या सात घरांतले पंखे अजून आवाज करतात.) त्याची बायको वाचनालयात नोकरी करते आणि मुलगी सहावीत आहे.

वायरमनची तब्येत झकास आहे असा आमचा सर्वांचा समज होता, कारण तो नेहमी बसलेला असे, आणि बसलेल्या माणसाला काय होणार? पण डॉक्टरांचं मत वेगळं पडलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पाय हलेनासे झाले की शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू बेकार होतात, रक्तातली साखर आणि चरबी वाढत जाते, हृदयाला पुरेसं काम मिळत नाही, आणि कणा मोडलेल्या माणसाला हृदयविकार इतरांपेक्षा लवकर गाठतो. वायरमनच्या वडिलांना तो सत्तेचाळिसाव्या वर्षी गाठून घेऊन गेला होता, तेही दोन पायांवर धडधाकट उभे असताना. वायरमन त्रेचाळीस वर्षांचा आहे. रक्ताचा अहवाल वाचून डॉक्टर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करू म्हणाले.

उपाय फिजिओबाईंनी सांगितला. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी अर्धा तास, खुर्ची स्वतःच्या हातांनी चढावर चालवायची. हृदयाला जे काम पाय देत नाहीत ते हातांनी द्यायचं. किती दमायचं, तर बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतकं. (वायरमनला एरवीही गाता येत नाही, पण बाईंचा रोख श्वासाकडे होता.) खांदे जपायचे, आणि मधूनमधून दोन्ही हातांवर अंग उचलून बैठकीवरचा भार हलका करायचा, म्हणजे कातडीला जखम होत नाही.

आमच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत दोनशे पावलांचा सरळ चढ आहे. एका सोमवारी सकाळी सात वाजता वायरमन तिथे दाखल झाला. चाळिसाव्या पावलाला त्याच्या कपाळावर घाम आला. साठाव्या पावलाला तो धापा टाकू लागला, म्हणजे बाईंच्या हिशेबानं व्यायाम सुरू झाला. आणि नेमक्या याच क्षणी दुसऱ्या मजल्यावर दात घासत उभ्या असलेल्या निवृत्त पोस्टमास्तरांची नजर त्याच्यावर पडली.

पोस्टमास्तर एकाहत्तर वर्षांचे असून त्यांनी आयुष्यात कुठलीही वस्तू वाटेत अडकू दिलेली नाही. ते तोंडातल्या फेसासकट खाली धावले, खुर्ची मागून धरली आणि वायरमनला थेट टाकीपाशी पोचवलं. वायरमन आभारी आहे म्हणाला. त्याच्याकडून झालेली ही एकमेव चूक, आणि तिची नोंद कार्यवृत्तात आहे. तो खाली आला आणि पुन्हा चढू लागला, तर पंचविसाव्या पावलाला त्याला चष्म्याच्या दुकानवाल्यांनी गाठलं. त्या दिवशी वायरमन चार वेळा टाकीपाशी पोचला. त्यात त्याचा स्वतःचा वाटा एकशे वीस पावलांचा होता.

रविवारी तातडीची सभा झाली. 'एक दिव्यांग बांधव रोज सकाळी आपल्या डोळ्यांदेखत कष्ट उपसतो आणि आपण हातावर हात ठेवून बसतो, ही बाब वसाहतीस भूषणावह नाही,' असा ठराव सर्वानुमते मंजूर झाला आणि अकरा सभासदांची ढकल समिती स्थापन करण्यात आली. वेळापत्रक जिन्याखालच्या फलकावर लावलं. ढकलणाऱ्यानं बंद बूट घालावेत, ढकलताना फोनवर बोलू नये, वायरमननं नको म्हटल्यास तो संकोच समजावा, असे सात नियम मी स्वतः तयार केले. सातव्या नियमाचं पुढे विशेष कौतुक झालं.

वायरमन पुढच्या सभेला हजर राहिला. त्यानं साखर, चरबी, वडील, फिजिओबाई असं सगळं क्रमानं समजावून सांगितलं. आम्ही शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी तो म्हणाला, "थोडक्यात काय, मला दमायचंय."

पोस्टमास्तरांचा आवाज कातर झाला. "आम्ही असताना?" एवढंच ते म्हणाले.

यानंतर वायरमननं जे काही केलं त्याला मी मराठीत चुकवाचुकवी म्हणेन. त्यानं वेळ बदलून दुपारी दोनची केली. समितीनं दुपारची पाळी सुरू केली. त्यानं खुर्चीच्या पाठीवर 'कृपया ढकलू नये' अशी पाटी लावली. ती पाटी वाचण्यासाठी माणसं जवळ येत, आणि इतक्या जवळ आल्यावर न ढकलणं बरं दिसत नसे. शेवटी त्यानं पाना घेऊन खुर्चीच्या मागच्या दोन्ही मुठी काढून टाकल्या. वायरमनच्या मुठी हरवल्या ही बातमी ऐकून सगळ्यांचा ऊर भरून आला. दोनच दिवसांत चष्मेवाल्यांनी वेल्डर आणून पहिल्यापेक्षा भक्कम मुठी जोडून दिल्या. त्या आता पान्यानं निघत नाहीत.

एकदा तो चढाच्या मध्यावर थांबून दोन्ही हातांवर अंग उचलत होता. वायरमन उठून उभा राहतोय अशी बातमी तीन मिनिटांत वसाहतभर झाली आणि सव्वीस माणसं जमली. तो परत बसला तेव्हा लोकांचा फार हिरमोड झाला. त्यातल्या काहींनी तर त्याला धीर सोडू नको म्हणून पुन्हा उचलायचा प्रयत्न केला.

याच सुमारास वहिनी, म्हणजे वायरमनची बायको, माझ्या घरी आल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाऊजी, सासरे गेले तेव्हा हे चौदा वर्षांचे होते. आमची अकराची आहे. तुम्ही सगळे मिळून त्यांना मारताय." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना चहा घेणार का असं विचारलं. मासिक कार्यवृत्तात मी 'सौ. वायरमन यांनी समितीच्या कार्याची दखल घेतली' अशी नोंद केली.

बघता बघता तीन महिने झाले. वायरमनची तपासणी आणि वसाहतीची वार्षिक आरोग्य तपासणी एकाच आठवड्यात आली. ढकल समितीचे निकाल असे: पोस्टमास्तरांचं वजन सहा किलोंनी उतरलं आणि रक्तदाबाची एक गोळी बंद झाली. चष्मेवाल्यांची साखर दहा वर्षांत प्रथमच आटोक्यात आली. माझं स्वतःचं पोट दीड इंच आत गेलं (बायकोच्या मते पाऊण). अकरापैकी अकरा हृदयं सुधारली. डॉक्टरांनी सर्वांचं अभिनंदन केलं आणि हा व्यायाम कुठल्याही परिस्थितीत सोडू नका असं बजावलं.

वायरमनची चरबी वाढली होती, साखरही वाढली होती. नव्वद दिवसांत त्यानं स्वतःच्या हातांनी एका वेळी जास्तीत जास्त किती मिनिटं सलग खुर्ची चालवली, असं डॉक्टरांनी विचारलं. त्यानं खरं ते सांगितलं. साडेचार.

मग फिजिओबाई स्वतः सभेला आल्या. चढणीच्या चौकशीसाठी त्या पायी टाकीपर्यंत जाऊन आल्या होत्या आणि चढताना त्यांना कुणी ढकललं नव्हतं. त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितलं की या माणसाचं औषध अकरा जण वाटून खात आहेत. समिती हादरली, हे मी प्रांजळपणे कबूल करतो. पोस्टमास्तर तर पार खचले. समिती विसर्जित करावी असं त्यांनीच सुचवलं.

इथे घोडं अडलं. कारण चष्मेवाल्यांनी मुद्दा काढला की ढकलणं थांबलं तर आमच्या साखरेचं काय? डॉक्टरांनी सोडू नका म्हटलंय. एका बाजूला एक हृदय आहे आणि दुसऱ्या बाजूला अकरा. शिवाय वसाहतीचा कारभार लोकशाही पद्धतीनं चालतो. मतदान घेण्यात आलं. अकरा विरुद्ध एक मतानं ढकलसेवा चालू ठेवण्याचं ठरलं; पोस्टमास्तरांनाही आपली बंद झालेली गोळी आठवली होती. (फिजिओबाईंना मताचा अधिकार नव्हता. त्यांनी टेबलावर मूठ आपटली ती मोजली नाही.)

वायरमन चिडला नाही. तो हसला, आणि त्याचं हसणं मला मुळीच आवडलं नाही. "माझी जुनी खुर्ची माळ्यावर पडलीय," तो म्हणाला. "तेल घालून देतो. आळीपाळीनं एकानं बसा, दुसऱ्यानं ढकला. चढ तोच, व्यायाम तोच. मी कशाला लागतो?"

यात खोट काढता येईना. प्रश्न एवढाच होता की बसायचं कुणी. सगळ्यांनाच अचानक ढकलण्याची फार आवड असल्याचं दिसून आलं. पोस्टमास्तरांनी गुडघ्याचं कारण सांगितलं, जे बसण्याच्या आड कसं येतं ते मला अजून कळलेलं नाही. शेवटी नियम करणाऱ्यानंच सुरुवात करावी असं ठरलं आणि मी बसलो.

साठाव्या पावलाला समोरून पोस्टमास्तरांचे जुने परिचित आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चेहरा पाडला, आणि माझ्या डोक्यावरून पोस्टमास्तरांना विचारलं, "यांना काय झालंय हो?" मी तिथेच होतो. माझे कान जागच्या जागी होते, आणि तोंडही. पोस्टमास्तर म्हणाले, "चिटणीस आहेत." परिचित म्हणाले, "अरेरे." जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी बावन्न वर्षांचा आहे. मला इतका संताप आला की उठून त्यांच्या मागे धावावंसं वाटलं, आणि हे मला करता येण्यासारखं होतं, ही गोष्ट मला त्यानंतर दोन दिवस सतावत राहिली. मी ती कुणाला बोललो नाही. दुसऱ्या दिवशी चष्मेवाले बसले आणि परत आल्यावर तेही कुणाशी बोलले नाहीत. महिनाभरात अकराच्या अकरा जण एकेकदा बसून झाले, आणि पुढच्या सभेत सेवा बंद करण्याचा ठराव चर्चेविना मंजूर झाला. आम्ही आता तो चढ पायी चढतो.

वायरमन आठवड्यातून तीनदा येतो. घाम गाळतो, धापा टाकतो, मधूनच आम्हाला शिव्या देतो (म्हणजे बोलता येतं), आणि वसाहतीतलं कुणी त्याच्या खुर्चीला बोटसुद्धा लावत नाही. पुढची तपासणी दीड महिन्यावर आहे. तोवर त्याला प्रत्येक वेळी सलग तीस मिनिटं हवी आहेत.

ती अजून मिळत नाहीत, आणि याच कारणासाठी कार्यकारिणीनं मला हे लिहायला सांगितलं. फाटकातून बाहेरची माणसं येतात. कुणी पाहुणे, कुणी पार्सल देणारे, कुणी नुसते वाट चुकलेले. गेल्या दीड महिन्यात अशा एकोणीस जणांनी वायरमनला ऐन बाविसाव्या, पंचविसाव्या मिनिटाला मागून येऊन ढकललं. आम्ही प्रत्येकाची चौकशी केली. एकही माणूस वाईट निघाला नाही. सगळे शिकलेले, हळवे, वाचनाची आवड असलेले. त्यातल्या सतरा जणांनी तर अशाच विषयावर कुठेतरी काहीतरी वाचलं होतं आणि वाचताना आपल्याला फार वाईट वाटलं होतं असं सांगितलं.

तेव्हा आपल्याला एक नम्र विनंती. हे वाचताना मघाशी वायरमनबद्दल आपल्याला जे वाटलं, आणि ते वाटल्याबद्दल स्वतःचं जे थोडं कौतुकही वाटलं, ते घेऊन आमच्या फाटकातून आत येऊ नये.