सासूबाईंची कोरियन पेटी

श्पेरम्युलची, म्हणजे जुनं सामान उचलणारी गाडी त्या दिवशी येणार होती. म्हणून रोहिणीने सासऱ्यांना तळघरातलं मोडकं कपाट फुटपाथवर ठेवायला सांगितलं. नागपूरहून जर्मनीत एर्लांगेनला आल्यापासून नामदेवरावांचे हात कामासाठी शिवशिवत होते. त्यांनी कपाट बाहेर ठेवलं आणि जिन्याखालची एक काळपट लाकडी पेटीही ठेवली. वर येऊन त्यांनी तसं सांगितलं.

"पितळी बिजागऱ्यांची?" रोहिणीने चहाचा कप खाली ठेवला.

पेटी वरच्या मजल्यावरच्या फ्राऊ हान यांची होती. या बाई तरुणपणी कोरियाहून नर्स म्हणून आलेल्या. त्यांच्या घरात शिरलं की आधी ती पेटी दिसायची: पुढून अर्धी उघडणारी, फुलपाखरांच्या आकाराच्या बिजागऱ्यांची, त्यांच्या पणजीच्या वयाची. रंगकामासाठी ती खाली आली असणार, असं रोहिणीने धरून चाललं.

सासरे काही बोलायच्या आत ती चपला सरकवून खाली पोचली. कपाट जागेवर होतं, पेटी नव्हती. समोरच्या बेकरीवाल्या बाईने सांगितलं, की दोन विद्यार्थिनी सायकलच्या ट्रेलरवर घालून ती घेऊन गेल्या.

रोहिणीने सायकल काढली आणि पुढच्याच गल्लीत त्यांना गाठलं. मुली शांत होत्या. रस्त्यावर ठेवलेली वस्तू नेणाऱ्याची, हे त्यांनी तिला समजावून सांगितलं. रोहिणीला हे ठाऊक होतं, म्हणून तिने वाद घातला नाही. विनवण्या झाल्या, डोळ्यांत पाणी आलं. शेवटी मुली म्हणाल्या, की त्यांना खरं तर टेबल हवं होतं.

रोहिणीकडे टेबल होतं. ओकचं, नवं, अर्धं न्यूर्नबर्ग पालथं घालून आणलेलं. तिने नवऱ्याला, कपिलला, ऑफिसात फोन केला. तो म्हणाला, टेबल देऊन टाक, पण त्या बाईंना काही कळू देऊ नकोस.

टेबल गेलं. मुलींनी पेटी जिन्यापर्यंत आणून दिली, आणि नेमकं तेव्हाच वरचं दार उघडलं.

फ्राऊ हाननी पेटीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. रोहिणी घाईघाईने माफी मागू लागली. बाबांना भाषा येत नाही, चुकून झालं, ओरखडासुद्धा नाही.

बाई पायरीवर बसल्या. "चूक कसली? मीच त्यांना खुणेने सांगितलं, बाहेर ठेवा म्हणून."

पेटी त्यांच्या सासूबाईंची. लग्नानंतर सासूबाईंनी ती बोटीने मागोमाग पाठवली होती. पुढे सासूबाई गेल्या, नवरा गेला, पेटी मात्र हलेना. "आज पहिल्यांदा ती भिंत मोकळी पाहिली," बाई म्हणाल्या. "एवढी हिंमत आता पुन्हा नाही व्हायची."

रोहिणी सासऱ्यांकडे वळली. "बाबा, तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू थांबलीस कुठं?" नामदेवराव म्हणाले.

गाडी येऊन कपाट घेऊन गेली होती. पेटी वर न्यायला बाई तयार नव्हत्या, आणि टाकून द्यायला आता रोहिणीचा हात धजेना. शेवटी पेटी रोहिणीच्याच घरात आली.

संध्याकाळी कपिल आला तेव्हा ताटं पेटीवर मांडली होती आणि सगळे उभ्याने जेवत होते. पाहुण्या फ्राऊ हानही होत्या. नामदेवरावांच्या हातून वरण सांडलं. कुणी फडकं आणायच्या आत बाईंनी स्वतःच्या रुमालाने पेटी पुसली आणि त्यांना दटावलं, अगदी सासूसारखं, कोरियनमध्ये.