आयरीन आंटीची शिंक

विमानतळाच्या दारात आयरीन आंटी शिंकली आणि मागची अख्खी रांग चार पावलं मागे सरकली.

एकदा नाही, लागोपाठ तीनदा. तापमान मोजायची बंदूक तिच्या कपाळाकडे रोखणारा तरुण डॉक्टर असा दचकला की त्याने स्वतःच्याच गालाचं तापमान घेतलं.

“आजी, बाजूला व्हा. त्या बेंचवर बसा.”

“का म्हणून?” आंटी बसली, पण पर्समधून रिपोर्ट काढूनच. “नाकात काडी घालून मेंदूपर्यंत ढवळलंय मला. निगेटिव्ह आहे, वाच.”

“रिपोर्ट कालचा. शिंक आत्ताची.”

आंटीचं डोकंच फिरलं. तिकडे मस्कतला लेकीचे, एलेनचे, दिवस भरत आले होते. हे विमान चुकलं तर पुढचं आठवड्याने, आणि बाळ काय विमान बघून येणार होतं? आणि हा म्हणे शिंक.

“ग्रॅनी, मसाल्याचं सांग ना त्याला,” सोबत निघालेली नात किम्बर्ली कुजबुजली.

झालं होतं असं, की लेकीसाठी आंटीने सकाळीच मरोळच्या घरी बॉटल मसाला भरला होता. भाजून कुटलेला तो लालभडक मसाला बियरच्या रिकाम्या बाटलीतच ठासायचा, ही त्यांच्या गावठाणातली रीत. फक्त पंखा बंद करायचा राहिला. मसाला बाटलीत कमी, आंटीच्या केसांत जास्त.

“मसाला?” डॉक्टर हसला. “काल एकजण अगरबत्ती म्हणत होता.”

“म्हणजे मी खोटं बोलते? तुझ्या आजीला असं बोलतोस काय रे?” आंटीने पिशवीतून बाटली काढून बूच उपटलं. “घे. वास घे.”

“बियर नेताय?” म्हणत डॉक्टरने मास्क खाली ओढला आणि नाक थेट बाटलीच्या तोंडाला लावलं.

पुढे जे झालं त्याला नुसती शिंक म्हणणं अन्याय आहे. चष्मा उडाला, डोळे वाहायला लागले, आणि त्या आवाजाने आतून मोठ्या डॉक्टर मॅडम धावत आल्या.

“लक्षणं कोणाला आहेत?”

अख्ख्या रांगेने डॉक्टरकडे बोट दाखवलं.

“मॅडम, मसा...” पुढचं शिंकेत गेलं.

मॅडमनी लांबूनच हात पुढे करून आंटीचा रिपोर्ट पाहिला. “ठीक आहे, जा तुम्ही.” मग त्या डॉक्टरकडे वळल्या. “आणि तुमचा रिपोर्ट?”

दिवसभर लोकांचे रिपोर्ट तपासणाऱ्या त्या पोराने स्वतःची टेस्ट कधी केलीच नव्हती.

आंटी बेंचवरून उठली.

“बस, बाळा. जागा गरम आहे.”