नमुना पान

गेली अकरा वर्षं आमच्या कॉलेजची वेबसाइट मी एकट्याने सांभाळतोय. हुद्दा लॅब असिस्टंटचा, पण इंटरनेटवर कॉलेजची अब्रू माझ्या हातात! छातीठोकपणे सांगतो, आमच्या भागातली कॉलेजं शोधा, पहिला नंबर आमचाच. पलीकडच्या कॉलेजात लिफ्ट आहे, काचेची इमारत आहे, पण शोधायला गेलात तर ते आमच्या खाली! हे मी लग्नात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगतो.

आणि यंदा त्या सर्च इंजिनला काय अवदसा आठवली कोण जाणे! पूर्वी बिचारं यादी द्यायचं, लोक यादीतून आमच्या दारात यायचे. आता काही विचारा, ते स्वतःच वर एक चौकट काढून उत्तर देऊन मोकळं! मग आमच्याकडे येतंय कोण? रोज चारशे माणसं वेबसाइट बघायची, ती एकतीसवर आली. त्यातही बारा वेळा मीच.

एरवी मी हे मनावर घेतलं नसतं. पण माझी बायको त्याच कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. विभागप्रमुख तीच आणि अख्खा विभागही तीच. गेल्या वर्षी तिच्याकडे नऊ मुलं होती. संस्थेने पत्र धाडलं: प्रवेशाच्या शेवटच्या दिवसापर्यंत वीस मुलं आली नाहीत तर विभाग बंद, आणि बाईंनी परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायला जावं. एकोणीस वर्षं शिकवल्यावर! त्यानंतर ती फक्त जेवताना माझ्याशी वाद घालायची थांबली.

"काळजीच करू नकोस," मी म्हटलं. "वीस काय, चाळीस आणतो!"

"कशी आणणार?" तिने विचारलं.

"प्रश्नोत्तरांनी! त्या इंजिनला म्हणे सरळ प्रश्न आणि ठाम उत्तर फार आवडतं. आपण तसं पान करू, ते उचलून चौकटीत टाकेल. प्रश्न मी काढतो, उत्तरं तुम्ही लिहा, बाई!"

तिने दुसऱ्या दिवशी उत्तरं दिली. 'तत्त्वज्ञान का शिकावं?' याखाली लिहिलं होतं, 'आपण "का" कधी विचारतो?' आता याला काय उत्तर म्हणायचं? सगळी तशीच! प्रश्नाला प्रश्न, त्याला पोटप्रश्न. मी कागद परत दिला. ती म्हणाली, विचार करून सांगते. तिचा विचार म्हणजे किमान आठवडा.

तोवर पान कसं दिसतंय ते बघायला मी आपली मनाला येतील ती उत्तरं भरली. वर ठळक अक्षरांत 'नमुना' लिहिलं. मेनूत पान जोडलं नाही, म्हणजे कोणाला दिसायचा प्रश्नच नाही! खुशीत होतो. हात सैल सुटला.

विभागप्रमुखांचा स्वभाव कसा आहे? – मनाने चांगल्या, पण सकाळच्या चहाआधी बोलायला जाऊ नये.

शिस्त कशी आहे? – बाईंनी स्वतःचा चष्मा फ्रीजमध्ये ठेवून घरभर शोधला होता. काय ते समजा.

पुढे काय करता येतं? – लग्न. मग समोरचा गप्प बसतो.

एक गोष्ट मात्र मी साफ विसरलो. नवीन पान झालं की त्याचा पत्ता रोज पहाटे आपोआप इंजिनला जाईल, अशी सोय आठ वर्षांपूर्वी मीच करून ठेवली होती. त्याबद्दल शाल आणि नारळही घेतला होता!

चार दिवसांनी प्राचार्यांनी बोलावलं. आत बायको बसलेली. प्राचार्यांनी मोबाइल नाकाशी धरला आणि मोठ्याने वाचायला लागले.

"'कॉलेजच्या अधिकृत माहितीनुसार, तत्त्वज्ञान विभागप्रमुखांशी सकाळी संपर्क टाळावा. त्यांना वस्तू विसरण्याचा त्रास असून त्या चष्मा फ्रीजमध्ये ठेवतात. अभ्यासक्रमानंतर विद्यार्थ्यांचे विवाह होतात.' हे काय आहे?"

ठळक अक्षरातला 'नमुना' कुठे गेला? तो इंजिनने खाल्ला होता!

"हॅक झालं असेल, सर," मी म्हटलं.

बायको शांतपणे म्हणाली, "सर, चष्मा फ्रीजमध्ये सापडला हे जगात दोनच माणसांना माहीत आहे. त्यातली एक मी."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

बाहेर जिन्यात ती थांबली. रागावली की ती 'तुम्ही'वरून 'तू'वर येते. "नऊचे वीस व्हायचे होते," ती म्हणाली. "आता नऊ तरी येतील का? माझा विभाग बुडवलास तू." डोळ्यांत पाणी होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शप्पथ सांगतो, लाज वाटली.

पान तर मी त्याच मिनिटाला काढून टाकलं, पण चौकट हलेना! तेव्हा प्राचार्य म्हणाले, "खुलासा टाका. एकेक मुद्दा घेऊन खोडा. आणि त्यातच लिहा, प्राचार्यांनी कॉलेजच्या चार खुर्च्या घरी नेल्या हेही खोटं."

"पण सर, असं कोणी म्हटलेलंच नाही!"

"म्हणतील! आधीच खोडून ठेवा!"

साहेबाचा हुकूम. मी वर 'पुढील बाबी असत्य आहेत' असा मथळा दिला आणि खाली ओळीने सगळ्या बाबी मांडल्या. दोन दिवसांनी शोधून बघितलं. इंजिनने बाबी घेतल्या होत्या. मथळा सोडला होता!

'हे कॉलेज विभागप्रमुखांच्या चष्म्यासाठी ओळखले जाते. प्राचार्यांनी चार खुर्च्या घरी नेल्या आहेत.'

प्राचार्यांचा फोन आला. "अहो, माझ्या सासूबाईंनी वाचलं! त्या आमच्या डायनिंग टेबलाभोवतीच्या खुर्च्या उलट्या करून कॉलेजचे शिक्के शोधतायत!"

"मग सापडले का?" माझ्या तोंडून निघून गेलं.

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

प्रवेशाचा शेवटचा दिवस उजाडला. रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. अकरा वाजता मी धीर करून तत्त्वज्ञानाच्या खोलीत डोकावलो, आणि हबकलोच! दारापासून पार पाण्याच्या टाकीपर्यंत रांग! बायको टेबलाशी बसून अर्ज घेत होती, आणि टेबलावर गठ्ठा. मी मोजले. तेवीस! मागे अजून मुलं उभी!

माझी छाती फुगली. म्हणजे चौकटीनेच काम केलं! बदनामी का होईना, प्रसिद्धी ती प्रसिद्धी! रांगेतल्या पहिल्या मुलीला मी मोठ्या ऐटीत विचारलं, "काय गं, आमच्याबद्दल सर्च करून आलीस ना?"

"नाही सर. झेरॉक्सच्या दुकानातून."

"म्हणजे?"

"तिथे भिंतीवर कागद लावलाय."

दुसऱ्याला विचारलं. झेरॉक्स. तिसऱ्याला विचारलं. झेरॉक्स! चौथा म्हणाला, "सर, कॉलेजला वेबसाइट आहे?"

मी तडक दुकान गाठलं. प्रवेशाच्या कागदांच्या प्रती काढायला गावातलं झाडून प्रत्येक पोर तिथे अर्धा तास ताटकळतं. समोर भिंत, आणि भिंतीवर बायकोच्या अक्षरातला कागद: 'तत्त्वज्ञान विभाग. प्रवेश सुरू. काय शिकायचं ते ठरत नसेल तर या, बसून बोलू. दुसरा मजला, डावीकडे.' बस्स, एवढंच!

"हा कधी लावला त्यांनी?" मी दुकानदाराला विचारलं.

"महिना झाला की. रोज संध्याकाळी बाई इथे येऊन पोरांशी बोलत उभ्या असायच्या. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं. त्या वेळेत मी घरी बसून प्रश्न काढत होतो.

संध्याकाळी आकडा एकतीसवर थांबला. विभाग वाचला! बायको खुर्चीला टेकून डोळे मिटून बसली होती, चेहऱ्यावर हसू. मी हळूच म्हटलं, "पुढच्या वर्षीचा कागद मी छान टाइप करून देतो. रंगीत. वर कॉलेजचं बोधचिन्ह, खाली वेबसाइटचा पत्ता..."

तिने डोळे उघडले.

"कागद मीच लिहीन," ती म्हणाली. "तुम्ही फक्त चिकटपट्टी धरा."

'तुम्ही' म्हणाली हो! धरीन म्हटलं.